बाजरीच्या दाण्याएवढी फट

मी जन्मभर लोकांचे दात घासले, पण एकाच्याही तोंडात कधी डोकावलो नाही. ज्यांचे दात घासायचो ती माणसं तेव्हा तिथे नसायचीच, नुसते त्यांचे दात माझ्या टेबलावर असायचे. मी कवळ्या करायचो. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत एका जिन्याखालच्या खोलीत माझी लॅब होती. आता ती बंद करून देवपुरातल्या घरी बसलोय आणि स्वतःचे उरलेले दात सांभाळतोय.

धंद्यातले अनुभव लिहून द्या असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा आमची रूथ म्हणाली, "अहो, दातांवर कोण वाचणार? दिवाळीत लोक चकल्या खात असतात."

मी म्हटलं, "कशाने खातात?"

आणि तेवढ्यावर मी लिहायला बसलो.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण कवळी डॉक्टरच करतात असं पुष्कळांना वाटतं. डॉक्टर दात काढतात, हिरड्या भरून आल्या की तोंडाचं माप घेतात आणि ते माप आमच्यासारख्याकडे पाठवतात. त्यात प्लास्टर ओतलं की जबड्याचा साचा मिळतो. मग मेणाच्या पट्ट्या करून पाठवायच्या, पेशंटने त्या चावून दाखवायच्या, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा कुठे भेटतात ते कळतं. त्यानंतर खरं काम. मेणात एकेक दात लावायचा. दात तयार मिळतात, पट्टीवर चिकटवलेले, लहान-मोठे, पांढरे-पिवळे. ते निवडायचे कसे आणि लावायचे कसे, ही सगळी कारागिरी. मेणातले दात एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतात, त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. ती पसंत पडली की मेण जातं आणि त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक येतं. ते गरम पाण्यात शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. एकदा शिजलं की पुढे केसभरही दात हलत नाही.

मापं यायची कुठून कुठून. शिरपूर, चोपडा, अमळनेर, साक्री. जळगावचे एक डॉक्टर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर पाठवायचे, आणि पाठवायचे मिठाईच्या खोक्यात, कारण ते मजबूत असतं. एकदा त्या ड्रायव्हरने खोका चुकून घरी नेला. घरात मुलीला बघायला पाहुणे आलेले. ड्रायव्हरच्या आईने खोका उघडून पाहुण्यांसमोर धरला. आत कापसावर, ट्रायल होऊन माझ्याकडे परत निघालेले, कुणा अनोळखी माणसाचे वरचे आणि खालचे दात. मुलीचं पुढे जमलं की नाही विचारायचा मला धीर झाला नाही. पण दुसऱ्या खेपेपासून जळगावची मापं चपलांच्या खोक्यातून येऊ लागली.

तसं पाहिलं तर खानदेशात दात नसले तरी माणसाचं फारसं अडत नाही. भरीत आहे, डाळ आहे, शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी कुस्करली की झालं. पण माणसाला दात खाण्यापेक्षा इतर गोष्टींसाठीच जास्त लागतात, हे मला गिऱ्हाइकांनी शिकवलं. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक आबा होते. नवी कवळी घालून फुंकलं की आवाजाऐवजी नुसता वारा निघायचा. लग्नसराई तोंडावर आलेली. आबा डॉक्टरांकडे न जाता थेट वाद्य घेऊन माझ्या जिन्याखाली आले.

मी कवळीची आतली बाजू थोडी घासायचो, आबा ती धुऊन घालायचे, फुंकायचे, मान हलवायचे, परत काढून माझ्या हातात द्यायचे. शेवटी एकदाचा सूर लागला. आबांनी तिथेच उभ्या उभ्या वरात काढली. गल्लीतली दुकानं ओस पडली, सगळे माझ्या दारात. समोरचा सायकलवाला तर नाचलासुद्धा. आबा गेल्यावर मी बराच वेळ हसत बसलो होतो. असा दिवस महिन्यातून एखादा आला तरी माणूस जिन्याखाली आयुष्य काढू शकतो.

एक निवृत्त शिक्षक होते. त्यांची तक्रार अशी की मी त्यांचे सुळे फार गुळगुळीत केले. "अहो, माझ्या सुळ्यांना आख्खी शाळा घाबरायची. आता नातू माझ्याकडे बघून हसतो," ते म्हणाले. मी सुळे जरा टोकदार करून दिले आणि ही गंमत घरी येऊन सांगितली. खरं तर मी तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो. पण गंमत सांगण्याच्या नादात तिच्यातला अर्थ राहून गेला.

आता माझ्याबद्दल थोडं. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रविवारच्या शाळेत प्रभू येशूंची जी शिकवण आम्हाला सगळ्यांत आधी पाठ व्हायची, तिचा अर्थ असा, की लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण त्यांच्याशी वागावं. ऐकायला सोपी, लहान मुलाला कळेल अशी. मला वाटायचं, इतर लोकांना ही शिकवण पाळायला जड जाते, आपल्याला मात्र धंद्यातच तिची सोय झालीय. कारण मी प्रत्येक कवळी, ती जणू माझ्याच तोंडात जाणार आहे, अशी करायचो. काम झालं की कडेवरून ओल्या कापसाचा बोळा फिरवायचो. कापसाचा एक धागा जरी अडकला तरी परत घासायला घ्यायचो. माझ्या जिभेला टोचलेलं चाललं असतं का? नाही ना? मग याच्या का टोचावं?

आणि दात लावायचो सरळ. एका रेषेत, एका उंचीचे, मोत्यासारखे. यामागेही कारण होतं. माझा स्वतःचा वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला आहे. शाळेत पोरं मला 'डबलडेकर' म्हणायची. मी फोटोत हसायचो नाही, मुली बघायला गेलो तेव्हा रुमाल तोंडावर धरून बसलो. रूथच्या वडिलांना वाटलं, मुलाला सर्दी झालीय. तेव्हा देवाने ज्यांना वाकडे दात दिले असतील, त्यांना निदान म्हातारपणी तरी माझ्या हातून सरळ दात मिळावेत, असं मी मनाशी धरून चाललो होतो. आमच्या चर्चच्या मंडळीत एकदा पाळकसाहेबांनी मला याच शिकवणीवर साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, उभं केलं. मी कापसाच्या बोळ्याचं सांगितलं, सरळ दातांचं सांगितलं. लोकांनी मोठ्याने आमेन म्हटलं. घरी येताना मी रूथला दोनदा विचारलं, "बरं बोललो ना?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साक्री रोडवरच्या डॉक्टर नेहा मॅडमचा फोन आला. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण हात इतका हलका की पेशंट खुर्चीत झोपी जायचे.

"दानियलकाका, शिंदखेड्याकडच्या यमुनाबाईंची कवळी आठवते?"

मला माणसं आठवत नसत, जबडे आठवत. "आठवते की. वरचा जबडा अरुंद. फार देखणी झाली होती."

"देखणी आहेच. पण त्या घालत नाहीत."

"टोचते?"

"नाही."

"सैल झाली?"

"काका, तुम्ही एकदा इकडेच या. मला जे सांगितलं ते त्यांच्याच तोंडून ऐका."

असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून दवाखान्यात गेलो. आतल्या खोलीत सत्तरीची एक बाई बसली होती, नऊवारी नीट चोपून नेसलेली, डोक्यावर पदर. शेजारी तिचा मुलगा भास्कर उभा. मॅडमने ओळख करून दिली, "यमुनाअक्का, तुमचे दात यांनी केलेत." अक्कांनी कमरेच्या पिशवीतून स्टीलची डबी काढली, झाकण उघडलं आणि आपली कवळी माझ्यासमोर ठेवली. सरळ, पांढरी, एका रेषेतली. मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला.

अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुम्हना हातले नाव ठेवाले जागा नही. दात चांगला शेत. पन ह्या मना दात नहीत."

मला काही उमजेना. मी म्हटलं, "अक्का, कुणाचेच नसतात. कवळी म्हणजे..."

"ऐकी ल्या," त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांनी सावकाश, माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, लहानपणापासूनची. बाकीचे दात गेले तरी ते दोन शेवटपर्यंत टिकले. मग तेही हलायला लागले, दुखायला लागले, तेव्हा मॅडमने काढले. इथपर्यंत सगळं रीतीचं. पण घरी नाना होते, अक्कांचे यजमान. गेल्या काही वर्षांत नानांना विसरण्याचा आजार जडला होता. शेत विसरले, गाव विसरले, पोटच्या मुलाला पाहुणा समजून बसायला सांगायचे.

"बठ्ठं ईसरी गयात नाना," भास्कर अक्कांकडे बघत म्हणाला. "फक्त मायले वळखेत."

दात काढले आणि अक्कांचे गाल बसले, तेव्हापासून नाना त्यांना त्यांच्या नावाने हाक मारेनासे झाले. माय म्हणू लागले, स्वतःची आई समजून. ती सांगेल ते मुकाट्याने ऐकायचे. अक्कांनी मनाची समजूत घातली, चार दिवसांचा प्रश्न आहे, दात आले की सगळं पहिल्यासारखं होईल. दात आले. हौसेने घातले आणि जेवणाचं ताट घेऊन नानांसमोर गेल्या. नाना खाटेच्या कोपऱ्यात सरकले. अंगावरचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि भास्करला म्हणाले, "हाई बाई कोन शे? हिले बाहेर काढ. यमुना कोठे गयी?"

त्या दिवसापासून ते अक्कांच्या हातचं खाईनात. दात घातलेले असले की लाजून तोंड फिरवायचे, उपाशी बसायचे. म्हणून अक्कांनी दात डबीत ठेवले.

"बिगरदातनी मी त्यासनी माय," अक्का म्हणाल्या, "आनि दातवाली मी पारकी बाई. मंग त्यासनी बायको कोठे गयी, भाऊ?"

मी डबीतल्या कवळीकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत माझं काम असं माझ्याकडे उलटून बघेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण माणूस लगेच सुधारत नाही. मी विचारलं, "अक्का, ट्रायलच्या वेळी का नाही बोललात? तेव्हा फट ठेवता आली असती."

"माले वाटनं, दात असाच मियतस," त्या म्हणाल्या.

दुकानात मिळतील तसेच दात घ्यायचे असतात, असं त्यांना वाटलं. आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. मॅडमने विचारलं होतं, "बरं वाटतंय ना?" त्यावर शहरातल्या डॉक्टरीणबाईसमोर गावाकडची बाई दुसरं काय म्हणणार?

अक्का बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, नवी करू या. फट ठेवून."

मी म्हटलं, "मॅडम, फट, वाकडेपणा, हे सगळं मुद्दाम करायचं म्हणजे... उद्या कुणी विचारलं, ही कवळी कुणी केली, तर?"

"कवळी कुणाच्या तोंडात राहणार आहे, काका?" मॅडमने विचारलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी घरी आलो. झालेला प्रकार रूथला सांगितला. मी जरा चिडलेलोच होतो. म्हटलं, मी माझ्याकडून काय कमी केलं? मला जसे दात हवे असते तसेच तिला दिले. याच्यापेक्षा जास्त माणसाने करायचं तरी काय?

रूथ वांगी चिरत होती. तिने विचारलं, "अहो, मागच्या नाताळात मी तुम्हाला शर्ट आणला होता, तो कुठेय?"

"कपाटात."

"घातला का नाही?"

"त्याचा रंग... असा काय तो जांभळा."

"मला जांभळा फार आवडतो," ती म्हणाली. "मला जसा हवा असता तसाच आणला होता." आणि वांगी पाण्यात टाकली.

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ही बाई कधी कुठून टाचणी टोचेल सांगता येत नाही. त्या रात्री प्रार्थनेला बसलो, पण मन लागेना. प्रभूची शिकवण चुकीची नव्हती. मी तिचा अर्धाच भाग धरून बसलो होतो. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवायचं, इथपर्यंत मी बरोबर होतो. पण तिथे जाऊन बसताना मी माझा चढलेला सुळा, माझी शाळा, माझा रुमाल, सगळं बिऱ्हाड घेऊन गेलो आणि तिथे जी बाई होती तिला बसायला जागाच ठेवली नाही. माझ्या तोंडात कुणी दात बसवणार असता, तर मला सगळ्यांत आधी काय हवं असतं? सरळ दात नव्हे. त्याने मला विचारावं, एवढं हवं असतं. हे उमगलं तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी हलकंच वाटलं. या वयातही आपल्याला काही नवं कळतंय, याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळा शर्ट घालून निघालो. रूथ दारातून म्हणाली, "इतकं मनावर घ्यायची गरज नव्हती." पण तिला आनंद झाला होता, तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

मॅडमने पुन्हा सगळी मापं घेतली आणि मी मेणात दात लावून घेतले. या खेपेला मी मॅडमना सांगून ठेवलं, की ट्रायलला मी स्वतः येणार, माझी मेणाची सुरी आणि दिवा घेऊन. आणि नानांनाही घेऊन या म्हणावं.

त्या दिवशी भास्करने नानांना बाहेरच्या बाकावर बसवलं. धोतर, पांढरी टोपी, उंच काठी. माणूस कधीकाळी भारदस्त असणार. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते आणि दर थोड्या वेळाने अक्का आल्या का, असं भास्करला विचारत होते, "यमुना उनी का?" भास्कर म्हणायचा, "ई राहिनी, नाना."

आत मी अक्कांसमोर स्टूल ओढून बसलो. एखाद्याच्या तोंडासमोर असा बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "अक्का, आज तुम्ही सांगायचं, मी करायचं. जुना फोटो असला तर बरं."

फोटो होता, लग्नातला, पण त्यात अक्कांनी तोंड घट्ट मिटलेलं. नव्या नवरीने दात दाखवायची तेव्हा रीत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "आता?" अक्का म्हणाल्या, "जिभले याद शे."

आणि खरंच होती. मी मेण गरम करून पुढचे दोन दात जरा दूर सारायचो, मॅडम ते अक्कांच्या तोंडात बसवायच्या, अक्का डोळे मिटून त्यावरून जीभ फिरवायच्या.

"नही. आखो थोडी."

परत काढायचे, परत सारायचे.

"आते जास्ती व्हयनी."

"अक्का, किती फट होती, काहीतरी माप सांगा," मी म्हटलं.

"बाजरीना दाना बठे इतली. भाजेल कनीस खाऊ तवय दाना आडके. मंग नाना हासेत."

मॅडमने कंपाउंडरला समोरच्या किराणा दुकानात पाठवलं. तो मूठभर बाजरी कागदात बांधून घेऊन आला. दुकानदाराने विचारलं म्हणे, दवाखान्यात कोंबड्या पाळल्या काय? मी एक दाणा धुऊन दोन दातांमध्ये धरला आणि मेण त्याच्याभोवती बसवलं. दाणा काढला. अक्कांनी जीभ लावली आणि डोळे उघडले. "हाई," त्या म्हणाल्या. "हाईच."

मग त्यांना धीर आला. डावा दात जरासा आडवा होता, त्याचा कोपरा शेंगा फोडताना उडाला होता. मी दात आडवा केला, कोपरा घासून उडवला. त्यांनी माझ्या हातातून ती मेणातली कवळी घेतली आणि अंगठ्याच्या नखाने दात आणखी किंचित आत दाबला. माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला मला कधी खपला नव्हता. त्या दिवशी मी सुरी खाली ठेवून गंमत बघत बसलो. मी सरळ लावलेले दात ती बाई एकेक करून वाकडे करत होती आणि प्रत्येक वाकड्या दातागणिक तिचा चेहरा उजळत होता. आयुष्यात एवढी वाकडी कवळी मी केली नव्हती, आणि इतक्या मजेत तर कुठलीच केली नव्हती.

आरशात बघून अक्कांनी पदर सारखा केला. मॅडम म्हणाल्या, "बाहेर जाऊन नानांना दाखवा."

मी घाईने म्हटलं, "अक्का, जरा जपून. हे अजून मेणात आहेत. जोराने चावायचं नाही, गरम काही प्यायचं नाही. मेण मऊ पडलं तर आपली दुपारची सगळी मेहनत जाईल."

त्यांनी मान डोलावली आणि दाराशी जाऊन थांबल्या. मी मनातल्या मनात प्रार्थना केली. नानांनी नाहीच ओळखलं तर? दात वाकडे केले म्हणून गेलेली आठवण परत येतेच असं नाही, हे मॅडमने भास्करला आधीच समजावून सांगितलं होतं. अक्कांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी दार उघडलं.

नाना बाकावर बसले होते. कंपाउंडरने नुकताच त्यांच्या हातात कपबशी दिली होती, चहातून वाफ निघत होती. अक्का समोर जाऊन उभ्या राहिल्या. नानांनी वर बघितलं. काही झालं नाही. ते नुसते बघत राहिले, जसे सगळ्यांकडे बघत होते तसेच. अक्कांना काय करावं सुचेना, म्हणून त्या हसल्या. कसनुशा, रडवेल्या हसल्या, आणि ती फट दिसली.

नानांच्या कपाळाच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

"कोठे व्हती इतला दिन?" ते म्हणाले. रागावले होते.

"आठेच व्हती ना मी," अक्का म्हणाल्या.

नानांनी बाकावर जरा सरकून जागा केली. अक्का बसल्या. मग नानांनी कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी अक्कांसमोर धरली. भास्कर माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "रोज असाच देयेत. दात काढात तवयपासून बंद व्हयेल व्हतं."

अक्कांनी दोन्ही हात पुढे केले आणि थबकल्या. बशी नानांच्या हातात तशीच धरलेली, गरम. त्यांनी मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. काय विचारतायत ते मला कळलं. या खेपेला मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"प्या, अक्का," मी म्हटलं. "दात मी परत लावून देतो."